आधी खोली ऐका, मग पेडल घ्या

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी सकाळी भाच्याचा फोन आला. मी अजून चहाचा पहिला घोटसुद्धा घेतला नव्हता.

"मामा, रिव्हर्ब पेडल घ्यायचंय. बारा प्रकारचे रिव्हर्ब आहेत एकात. बारा महिन्यांच्या हप्त्यावर मिळतंय. घेऊ का?"

"तुझ्याकडे आहे की एक."

"ते स्वस्तातलं आहे. त्याच्यामुळेच तर लग्नात चिखल झाला."

तर आधी या चिखलाबद्दल. माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं रिसेप्शन नगरला होतं. (गावाचं अधिकृत नाव आता अहिल्यानगर, पण एसटीत कंडक्टरला विचाराल तर अजून 'नगर'च ऐकू येईल.) मंगल कार्यालय, पत्र्याचं उंच छत, फरशी, चारी बाजूंना गुळगुळीत भिंती. भाच्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी तिथे वाजवायचं ठरवलं होतं. भाचा पुण्यात हिंजवडीला नोकरीला आहे, नोकरीला दीड वर्ष झालं, गिटार कॉलेजपासून. आजीला, म्हणजे माझ्या आईला, आवडणाऱ्या एका भजनाची चाल त्याने इलेक्ट्रिक गिटारवर बसवली होती. महिनाभर रात्री जागून. आजीला सांगितलं नव्हतं, ऐकल्यावर ओळखेल म्हणून.

आजी पहिल्या रांगेत बसली होती. भाच्याने वाजवलं. टाळ्या पडल्या. आणि नंतर जेवताना आजी त्याला म्हणाली, "छान वाजवलंस रे. पण ते शेवटचं काय होतं?"

बस्स. त्या एका वाक्याची किंमत आता बारा हप्ते होणार होती.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. अशा वेळी माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तुझ्या मशीनवर चालत होतं का?" चालत होतं. त्याच्या खोलीत, रात्री अकरा वाजता, झकास चालत होतं. म्हणजे कोड तोच, मशीन बदललं. आणि आपण काय करतो? कोडवर संशय घेतो, हार्डवेअर बदलायला धावतो, पण दोन ठिकाणच्या परिस्थितीत फरक काय आहे हे शेवटी बघतो. भाचा नेमकं हेच करत होता. माझं म्हणणं एवढंच की रिव्हर्ब पेडल निवडणं ही पेडल निवडण्याची गोष्ट नाहीच. ती खोली निवडण्याची गोष्ट आहे. आणि तुम्ही ज्या खोलीत उभे आहात ती आधीपासून तिथे असते, तिला बंद करायचं बटण नसतं.

ज्यांना गिटारशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लहानपणी विहिरीत वाकून स्वतःच्या नावाने हाक मारली नाही असा नगर जिल्ह्यातला माणूस विरळा. विहिरीतून आवाज जाडजूड होऊन परत येतो. आवाज भिंतींवर आपटून शेकडो वेळा परततो आणि ती परतणी इतकी दाट असते की कानाला ती वेगवेगळी मोजता येत नाही. हा झाला रिव्हर्ब. समोर लांब डोंगर असेल आणि हाक सुटी सुटी परत आली, तर तो प्रतिध्वनी, गिटारवाल्यांच्या भाषेत डिले. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. त्यामुळे १७ मीटरवरच्या भिंतीवरून परत यायला त्याला एक दशांश सेकंद लागतो. छोट्या खोलीत हे अंतरच नसतं, म्हणून तिथे गिटार कोरडी, चेहऱ्यावर आपटल्यासारखी वाजते. मग आपण पेडल लावून खोटी खोली तयार करतो.

आता कार्यालयाचा हिशोब. अमेरिकेत हार्वर्डला वॉलेस सेबाइन नावाचा एक तरुण प्राध्यापक होता. १८९५ साली त्याला सांगण्यात आलं की फॉग म्युझियमच्या लेक्चर हॉलमध्ये वक्त्याचं बोलणं कळत नाही, काहीतरी कर. या पठ्ठ्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री वाहून आणल्या, थोड्या थोड्या करून हॉलमध्ये मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं. सकाळी वर्ग भरायच्या आत गाद्या परत! यातून जे सूत्र निघालं ते आजही चालतं : ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले खोलीतलं एकूण शोषण. उत्तर सेकंदात. आवाज ६० डेसिबलने, म्हणजे जवळपास ऐकू न येण्याइतका, खाली यायला लागणारा वेळ.

कार्यालय ३० मीटर लांब, १५ रुंद, ६ उंच धरा. घनफळ २७०० घनमीटर. भिंती-फरशी-छत मिळून १४४० चौरस मीटर, आणि फरशी-पत्रा-प्लास्टर यांचं शोषण जेमतेम ५ टक्के. म्हणजे ७२. भागाकार करा : सहा सेकंद! रिकाम्या कार्यालयात एक टाळी सहा सेकंद जगते. आता त्यात ४०० माणसं बसवा. माणूस (विशेषतः भरजरी शालू नेसलेला) उत्तम गादी असतो, डोई साधारण ०.४५ चौरस मीटर शोषण. वेळ येतो १.७ सेकंदांवर. गाणं-बजावणं करण्याजोगा.

आणि इथेच आमचा घात झाला. मुलांची पाळी आली आणि नेमकं त्याच वेळी कोणीतरी जाहीर केलं, "जेवणं सुरू झाली आहेत." दोन मिनिटांत हॉलमध्ये उरली पन्नास माणसं. पन्नास माणसं घालून सूत्र पुन्हा लावा : ४.६ सेकंद. भजनाची चाल भाच्याने १२० च्या लयीत बसवली होती, म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. आठ-नऊ मात्रांचे सूर हवेत एकमेकांवर चढलेले. आणि त्यावर पेडलवर 'हॉल' लावलेला, वेळेचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. हॉलमध्ये आणखी एक हॉल. आजी बिचारी काय ओळखणार? साक्षात तुकोबांनासुद्धा स्वतःचा अभंग ओळखू आला नसता.

भाच्याच्या बेडरूमचाही हिशोब करून टाकला. तीन बाय साडेतीन, उंची तीन मीटर, गादी, पडदे, कपड्यांनी भरलेलं (आणि ओसंडणारं) कपाट. उत्तर आलं ०.४ सेकंद. तिथे तो मोठा हॉल गोड वाटणारच. कोरड्या भाकरीवर तूप. पण तेच तूप श्रीखंडावर ओतलं तर?

"म्हणजे मोठं पेडल घेतलं असतं तरी तेच झालं असतं?" भाचा.

"जास्त चांगल्या प्रतीचा चिखल झाला असता."

आता ही जी 'बारा प्रकारांची' भूल आहे, तिच्यातले मुख्य प्रकार मुळात आले कुठून ते बघण्यासारखं आहे. एकही प्रकार 'इफेक्ट' म्हणून जन्माला आलेला नाही. प्रत्येकजण कुठल्यातरी खऱ्या अडचणीवरचा जुगाड आहे.

स्प्रिंग : हॅमंड कंपनीचे ऑर्गन लोक घरात ठेवायला लागले आणि घरात चर्चचा घुमारा येईना. म्हणून ऑर्गनच्या पोटात स्प्रिंगा बसवल्या. आवाज स्प्रिंगेच्या एका टोकाला द्यायचा, दुसऱ्या टोकाला पकडायचा. १९६१ साली फेंडरने तेच तंत्र गिटारसाठी वेगळ्या पेटीत आणलं, पुढे ते अँपच्या आतच आलं. अशा अँपला वाजवताना धक्का लागला की ढगफुटीसारखा आवाज होतो, तो या स्प्रिंगांचा.

प्लेट : १९५७ मध्ये ईएमटी या जर्मन कंपनीने लोखंडी चौकटीत पोलादाचा पातळ पत्रा टांगला आणि तो आवाजाने थरथरवला. वजन पाव टनाच्या आसपास. स्टुडिओत खोली बांधण्यापेक्षा हे स्वस्त! आज ते खिशात मावतं ते गणितामुळे.

हॉल : १९६० च्या आसपास बेल लॅब्समध्ये मॅनफ्रेड श्रोडरने संगणकावर कृत्रिम रिव्हर्ब कसा करायचा ते दाखवलं. आवाज थोडा उशिरा परत आत सोडायचा, पुन्हा सोडायचा, अशा वेगवेगळ्या लांबीच्या काही वाटा एकत्र करायच्या. वाट्यातलं दही वाट्यातच घुसळण्याचा प्रकार. १९८७ साली बॉसचं आरव्ही-२ आलं आणि ही घुसळण पायाखाली आली. बहुतेक डिजिटल पेडलांच्या आत आजही याच कुळातली गणितं चालतात.

शिमर : घुसळताना परतणारा आवाज दर फेरीत एक सप्तक वर ढकलायचा. मागे देवदूतांचा कोरस उभा राहतो. यूट्यूबवरचे पेडलचे व्हिडिओ याच आवाजाने विकतात. दहा मिनिटं स्वर्ग, अकराव्या मिनिटाला डोकेदुखी.

यादी ऐकून भाचा म्हणाला, "पण मला खरी मोठी जागा हवी आहे मामा. घुमटासारखी." मी म्हटलं चल.

पुढच्या रविवारी आम्ही चांदबिबी महालावर गेलो. नगर-पाथर्डी रस्त्यावर, शाह डोंगरावर ही इमारत आहे. नाव चांदबिबीचं पडलंय, पण ही आहे निजामशाहीतला मंत्री दुसरा सलाबतखान याची कबर. अष्टकोनी, तीन मजली, काळ्या दगडाची. नगरची पोरं इथे फोटो काढायला आणि भजी खायला येतात. आम्ही टाळ्या वाजवायला आलो होतो. दोनचार जणांनी आमच्याकडे बघून पोरांना जवळ ओढलं :)

मधोमध उभं राहून टाळी वाजवली की आवाज वर जातो, क्षणभर हरवतो आणि मग चहूबाजूंनी खाली उतरतो. दोन पावलं कमानीकडे सरका, तो विरळ होतो, कारण कमानी उघड्या आहेत, आवाज बाहेरच्या वाऱ्यात निघून जातो. इमारत एकच, पण पन्नास जागी पन्नास रिव्हर्ब. मग भाच्याने हळूच ते भजन गुणगुणलं. १२० च्या लयीत. सगळा काला. मी म्हटलं, निम्म्या लयीत म्हण. आणि काय सांगू, प्रत्येक सूर पुढच्या सुराखाली तानपुऱ्यासारखा धरून राहिला. भाचा गप्पच झाला. मग त्याने तेच पुन्हा तीन वेळा म्हटलं.

देवळाच्या सभामंडपात अभंग संथ सुरू होतो, युरोपातल्या दगडी चर्चमध्ये जुनं प्रार्थनासंगीत लांब सुरांचं असतं, यात भक्तिभाव तर आहेच, पण दगडही आहे. जागा लय ठरवते. पेडलवाल्यांच्या जगात आपण हे उलटं करून टाकलंय. लय आणि सूर तेच ठेवायचे आणि त्यांच्यावर जागा चिकटवायची.

फोनवर टाळीचं रेकॉर्डिंग घेतलं होतं, ते घरी येऊन लॅपटॉपवर टाकलं. एका टाळीत ती जागा बऱ्यापैकी साठवलेली असते. गिटारच्या आवाजाचा प्रत्येक नमुना म्हणजे एक बारीक टाळी समजायची, प्रत्येक टाळीमागे त्या घुमटाची पूर्ण शेपूट जोडायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. याला कन्व्हॉल्यूशन म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि दोन सेकंदांची शेपूट धरली तर सेकंदाला ३८८ कोटींच्या वर गुणाकार होतात, म्हणून फूरियेची युक्ती वापरून ते आटोक्यात आणतात. नुसत्या टाळीने हे प्रयोगशाळेच्या दर्जाचं होत नाही, पण फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये सलाबतखानाचा घुमट चालू झाला. खर्च : पेट्रोल आणि दोन प्लेट भजी.

जाता जाता एक. नगरचा आणि इलेक्ट्रिक गिटारचा काय संबंध, असं कोणी विचारलं तर सांगा : अरणगावजवळ मेहेराबादला मेहेरबाबांची समाधी आहे आणि 'द हू'चा गिटारवादक पीट टाउनशेंड हा त्यांचा अनुयायी. १९७१ सालच्या 'हूज नेक्स्ट' अल्बमची सुरुवात ज्या 'बाबा ओरायली'ने होते, त्यातले बाबा ते हेच. कान बधिर करणाऱ्या आवाजासाठी प्रसिद्ध असलेल्या माणसाचे गुरू १० जुलै १९२५ पासून १९६९ साली देह ठेवेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. अध्यात्मातलं मला कळत नाही. पण रिव्हर्बबद्दल एवढं नक्की कळतं की तो ऐकू येतो तो दोन सुरांमधल्या रिकाम्या जागेत. ती जागा सोडली नाही तर बारा काय, बाराशे प्रकारांचा उपयोग नाही.

असो. आता ज्यांना खरंच पेडल घ्यायचंय त्यांच्यासाठी माझी मतं, रोखठोक.

एक. पहिलं रिव्हर्ब पेडल तीन-चार बटणांचंच घ्या. वेळ, टोन, मिश्रण आणि प्रकार निवडायचा खटका. बॉसचं आरव्ही-६ किंवा टीसी इलेक्ट्रॉनिकचं हॉल ऑफ फेम या धाटणीचं. कारण कार्यालयात जेवणं सुरू झाली की तुम्हाला दोन सेकंदांत वेळ कमी करता आला पाहिजे. अंधारात, वाकून, मेनूच्या तिसऱ्या पानावर जाऊन नाही.

दोन. त्यात स्प्रिंग किंवा प्लेट, आणि छोटी 'रूम' हवीच. नव्वद टक्के वेळा हेच लागणार. (नव्वद हा आकडा माझ्या अनुभवातला, सेबाइनचा नाही.)

तीन. दुकानात ऐकताना व्हिडिओतली धून वाजवू नका, तुमचं रोजचं वाजवा. मिश्रण शून्यापासून हळूहळू वाढवा. रिव्हर्ब आहे हे लक्षात आलं की किंचित मागे या. बंद केल्यावर चुकल्यासारखं वाटलं पाहिजे, चालू असताना जाणवता कामा नये.

चार. डिस्टॉर्शन आधी, रिव्हर्ब नंतर. उलटं लावलंत तर खोलीलाच डिस्टॉर्शन लागतं. डिस्टॉर्शन अँपमधलं वापरत असाल तर अँपला इफेक्ट्स लूप आहे का ते बघा. आणि अँप न वापरता थेट मिक्सरमध्ये वाजवत असाल (आपल्याकडे बहुतेक कार्यक्रमांत तेच होतं) तर साउंडवाल्याला विचारा, तो त्याच्या बाजूने रिव्हर्ब टाकतोय का. टाकत असेल तर तुमचा बंद. एका पोळीला दोघांनी तूप लावायचं नाही.

पाच. डिजिटल पेडल वीज खातं, बॅटरीच्या भरवशावर राहू नका. एकाच अडॅप्टरवरून साखळी करून सगळी पेडलं चालवलीत की गुणगुण सुरू होते. उरलेल्या पैशातून वेगवेगळे आउटपुट असलेला चांगला पॉवर सप्लाय घ्या. तो दिसत नाही, त्याचे व्हिडिओ कोणी करत नाही, पण तो लागतो.

आता समोरची बाजू. काही लोकांचं संगीतच रिव्हर्बचं असतं. एक सूर सोडायचा, त्याचा ढग होऊ द्यायचा, त्या ढगातून पुढचा सूर काढायचा. त्यांच्यासाठी स्ट्रायमनचं बिगस्काय (२०१३ साली आलं तेच ते बारा प्रकारवालं) ही चैन नाही, ते वाद्यच आहे. त्यांनी जरूर घ्यावं, हप्त्यावर घ्यावं, माझी हरकत नाही. पण असे लोक मला 'घेऊ का' असं विचारत नाहीत. जो विचारतो त्याची अडचण बहुधा दुसरीच असते. आणि आपण नोकरी करणारी माणसं अडचण आली की खरेदी करतो, कारण विचार करण्यापेक्षा कार्ड घासायला कमी वेळ लागतो. यात मीही आलो. माझ्या कपाटात चार पेडलं धूळ खात पडली आहेत आणि त्यातलं प्रत्येक मी 'आता शेवटचं' म्हणून घेतलं होतं.

भाच्याने काय केलं? नवीन काहीच घेतलं नाही, निदान अजून तरी. स्वस्तातल्या त्याच पेडलवर 'रूम' लावली, मिश्रण घड्याळाच्या काट्यात सांगायचं तर नऊपर्यंत आणलं, आणि भजनाची लय बरीच खाली उतरवली. मागच्या रविवारी आईच्या घरी आला. ओटीवर छोटा अँप ठेवला, शहाबादी फरशी, वर लाकडी माळवद. त्या खोलीचा स्वतःचा असा आवाज आहे, तीस वर्षांत मला कधी तो ऐकू आला नव्हता. दोन मिनिटं वाजवून त्याने रिव्हर्ब पूर्णच बंद केला आणि सुरुवातीपासून धरलं.

आई लसूण सोलत बसली होती. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीला तिचे हात थांबले नाहीत, पण ओठ हलायला लागले. तिसऱ्या ओळीला ती मोठ्याने म्हणत होती, आणि भाच्याला लय तिच्यामागे आणखी थोडी ओढावी लागली.

झाल्यावर म्हणाली, "हे लग्नात का नाही वाजवलंस रे?"

भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी लसूण सोलायला घेतला.